सरकारी डेटा संशोधकांच्या कामी यावा म्हणून एकच गोष्ट बदलायची झाली, तर कोणती?

टाचण
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते. मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते त्यामुळे सरकारी आकडेवारीशी रोजचा संबंध. अमेरिकेचं डेटा पोर्टल २००९ मध्ये ४७ डेटासेट घेऊन सुरू झालं, ब्रिटनचं २०१० मध्ये, भारताचं धोरण आणि पोर्टल दोन्ही २०१२ चं. म्हणजे 'सरकार डेटा देतच नाही' ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिली नाही. पण मिळालेला डेटा वापरता येतो का, ही गोष्ट निराळी.

परवाचंच सांगते. एका सर्वेक्षणाची फाइल उतरवली, आनंदाने उघडली, तर कॉलमांची नावं व्ही१७, व्ही१८, व्ही१८ए. आत १, २, ८, ९ असे आकडे. ९ म्हणजे 'माहीत नाही' की 'उत्तर दिलं नाही' की 'लागू नाही'? वयाच्या कॉलमात ९९ बऱ्याच ठिकाणी, आता ही माणसं खरोखर नव्याण्णव वर्षांची आहेत की वय नोंदवलंच नाही? कुठल्या कॉलमचा, कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारं कोडबुक कुठेच नाही. पानावर दिलेल्या पत्त्यावर मेल पाठवली ती परत आली.

तर प्रश्न असा, की तुमच्या हातात एकच बदल करायची मुभा असेल तर कुठला कराल? एकच हं. 'सगळंच बदला' हे उत्तर धरणार नाही :)

उनाडवारा
सोपं आहे, पीडीएफवर बंदी. विषय संपला.

मोकळाढाकळा
+१०० उनाडवारा. त्यातही स्कॅन केलेली पीडीएफ, पान तिरकं, वर गोल शिक्का आणि तो नेमका बेरजेच्या आकड्यावर.

जुनी_नोंद
पीडीएफपेक्षा मोठं दुखणं देवनागरीतल्या जुन्या फॉन्टचं आहे, ते कुणी कसं काढलं नाही? युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत) आधीचे कृतिदेवसारखे फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं आणि वरून फक्त चित्र देवनागरीचं. अशा फाइलीत 'मराठी' शब्द दिसतो पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, हातात येतात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं. शोधात 'मराठी' टाकलं तर सापडणार कसं, फाइलीत तो शब्दच नाहीये! रूपांतराची साधनं आहेत पण र्‍हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते, जोडाक्षर आणि रफार आले की साधन गोंधळतं आणि गावांच्या नावांची वाट लागते. मी जुन्या अहवालांवर काम करतो, माझा निम्मा वेळ यातच जातो. माझं मत याला, की जे काही प्रसिद्ध कराल ते युनिकोडमध्ये करा.

शंकासुर
फॉरमॅट, फॉन्ट हे सगळं त्रासदायक आहे मान्य, पण ते कष्टाने सुटतं. माणसं लावली, वेळ घातला की पीडीएफचा तक्ता होतो. कोडबुक नसेल तर कितीही कष्ट करा, ९ चा अर्थ अंदाजानेच लावावा लागणार. टाचणताईंनी उत्तर स्वतःच्याच प्रश्नात दिलंय. माझं मत कोडबुकला.

आणि नुसती कोडांची यादी नको. प्रश्न नेमका कसा विचारला होता, कुणाला विचारला, नमुना कसा निवडला, वजनं (म्हणजे कुठल्या नोंदीला हिशेबात किती महत्त्व द्यायचं ते) कशी काढली, हे सगळं. वजनं न लावता सर्वेक्षणाची सरासरी काढणारे शोधनिबंध पाहिलेत मी. त्यात संशोधकाचा आळस असतोच, पण वजनाचा कॉलम कुठला हेच लिहिलेलं नसेल तर बिचारा करणार काय?

गणिती_मावशी
एक्सेलला सगळे शरण का जातात ते मला कळत नाही. ब्रिटनमधलं २०२० चं प्रकरण आठवतंय ना? प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये भरले जात होते, त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, उरलेलं मुकाट्याने गळून जातं. १५,८४१ रुग्ण आठवडाभराच्या आकड्यांतून वगळले गेले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. फॉरमॅट म्हणजे किरकोळ बाब नाही शंकासुर, त्याने माणसांच्या जिवाशी खेळ होतो.

साधी सीएसव्ही द्या, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी मजकूर फाइल. एका ओळीत एक नोंद, सेल एकत्र जोडू नका, मध्येच 'एकूण' ची ओळ घुसवू नका. ती ओळ लक्षात आली नाही तर बेरीज थेट दुप्पट होते.

सांजवेळ
वाखुसा (वाचनखूण साठवली). चांगला धागा.

भूपाळ
नकाशांवर काम करतो म्हणून माझं उत्तर वेगळं आहे. कोड. प्रत्येक गावाला, तालुक्याला, जिल्ह्याला एकच कायमचा क्रमांक आणि तो सगळ्या खात्यांनी वापरायचा.

का ते सांगतो. भारताच्या २००१ च्या जनगणनेत ५९३ जिल्हे होते, २०११ मध्ये ६४०. २०१४ ला तेलंगणा वेगळं राज्य झालं तेव्हा त्यात १० जिल्हे होते, २०१६ मध्ये त्यांचे ३१ झाले, २०१९ मध्ये ३३. आता एखाद्याला तिथल्या शाळांचा पंधरा वर्षांचा आढावा घ्यायचाय. जिल्ह्याचं नाव तेच, हद्द वेगळी. वरवर पाहणाऱ्याला वाटेल जिल्ह्यातली मुलं अचानक घटली, प्रत्यक्षात निम्मे तालुके शेजारच्या नव्या जिल्ह्यात गेलेत! कुठला तालुका कुठून कुठे आणि कुठल्या तारखेपासून गेला, एवढा एक तक्ता डेटासोबत मिळाला तरी जीव भांड्यात पडेल. शिक्षण खात्याचा कोड वेगळा, आरोग्याचा वेगळा, जनगणनेचा तिसराच, मग आपण नावांवरून जुळवत बसतो आणि नावांची स्पेलिंगं तर काय वर्णावी. स्थानिक स्वराज्य संस्थांची कोडांची एक केंद्रीय सूची भारतात आहे, ती सगळीकडे सक्तीने वापरली तरी पुष्कळ झालं.

उनाडवारा
भूपाळ, एकच नावाची सहा गावं एकाच तालुक्यात, बुद्रुक आणि खुर्द तर विचारूच नका =))

भूपाळ
@उनाडवारा, आणि फाइलीत बुद्रुक कधी 'बु.' कधी 'बुद्रूक' कधी काहीच नाही. हसू नका हो, खरंच असतं.

कातरवेळचा_अभ्यासक
थोडं वेगळं बोलतो. तुम्ही सगळे तक्त्यांवर बोलताय, पण संशोधकाला तक्ते पुरत नाहीत, त्याला व्यक्तिगणिक नोंदी लागतात. जिल्ह्याची सरासरी घेऊन 'शिकलेल्या आईचं मूल जास्त निरोगी का' हे कळत नाही, आई आणि मूल एकाच नोंदीत लागतात.

डेन्मार्क बघा. १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक आहे, दवाखाना, शाळा, नोकरी सगळ्या नोंदी त्याने जोडता येतात. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो ही अफवा जगभर पसरली होती तेव्हा २०१९ साली तिथल्या संशोधकांनी १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेली ६,५७,४६१ मुलं तपासली आणि संबंध नाही हे ठामपणे सांगितलं. एवढ्या मुलांचा नवा सर्व्हे करायला किती खर्च आणि किती वर्षं लागली असती? नोंदी आधीपासून होत्या, त्या जोडण्याची आणि वापरू देण्याची सोय होती म्हणून हे झालं. माझा एक बदल तोच.

शंकासुर
इथे मात्र माझा ठाम विरोध. नाव काढून टाकलं की माणूस ओळखू येत नाही, हा गैरसमज आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांचं काम प्रसिद्ध आहे, पिनकोडसारखा पाच आकडी कोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरतात असं त्यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवलं. मॅसॅच्युसेट्सच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद त्यांनी 'निनावी' डेटातून अशीच शोधून काढली होती.

न्यूयॉर्कच्या टॅक्सींचं आणखी सोपं उदाहरण. २०१३ च्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला, टॅक्सीचे क्रमांक एमडी५ नावाच्या संकेतपद्धतीने झाकलेले. पण टॅक्सी क्रमांकाचे साचे मोजकेच, शक्य असलेले सगळे क्रमांक झाकून बघितले आणि जुळवले, काही तासांत सगळं उघडं. आजारपण, जात, कर्ज, घरातली मारहाण असल्या नोंदी अशा उघड्या पडल्या तर त्याची किंमत संशोधक मोजत नाही, ज्याची नोंद आहे तो मोजतो.

गणिती_मावशी
शंकासुर, ८७ टक्क्यांना पुढे आव्हान दिलं गेलंय. २००६ मध्ये २००० च्या जनगणनेवर तेच गणित पुन्हा केलं तेव्हा ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. तुमचा मुद्दा त्याने पडत नाही, ६३ टक्केही भरपूरच, पण आकडा देताना दोन्ही द्या.

शंकासुर
मान्य मावशी, दोन्ही द्यायला हवेत. धन्यवाद.

कातरवेळचा_अभ्यासक
शंकासुर, मी डेटा रस्त्यावर टाका असं म्हटलंच नाही! डेन्मार्कमध्ये संशोधकाला फाइल घरी नेता येत नाही. सांख्यिकी कार्यालयाच्या सर्व्हरवर लांबून लॉगिन करायचं, क्रमांक बदललेल्या नोंदींवर तिथेच काम करायचं, बाहेर फक्त तपासलेले निकाल येतात. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयातून 'पाच सुरक्षा' ही चौकट आली ती तीच, माणूस विश्वासाचा आहे का, काम योग्य आहे का, जागा सुरक्षित आहे का, डेटा पुरेसा झाकलाय का आणि बाहेर पडणारा निकाल तपासलाय का. पाचही प्रश्न एकत्र विचारायचे. नुसतं डेटा झाकण्यावर सगळा भार टाकला की दोनच गोष्टी होतात, एकतर माणूस ओळखू येतो नाहीतर डेटा इतका पुसट होतो की कामाचा राहत नाही.

शंकासुर
हे असं असेल तर माझी हरकत नाही. पण मग अर्जाला किती वेळ लागणार आणि कोण ठरवणार तेही लिहा. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज एका कार्यालयात इतका रेंगाळला की तिने प्रबंधाचा विषयच बदलला. 'नाही' म्हणाले असते तरी चाललं असतं, ते काहीच म्हणाले नाहीत.

मोकळाढाकळा
हे अगदी खरं. उत्तर न देणं हा सर्वात सोपा नकार असतो.

निवृत्त_टेबल
मी पुष्कळ वर्षं सांख्यिकी विभागात काढली, आता निवृत्त. धागा सुरुवातीपासून वाचतोय. पलीकडच्या टेबलावरून कसं दिसतं तेही कुणीतरी लिहायला हवं.

एक तर डेटा तुमच्यासाठी जमा होत नाही. रेशनची नोंद रेशन देण्यासाठी असते, हजेरीपट पगारासाठी. तिथला कारकून तो कॉलम भरतो कारण भरला नाही तर फाइल पुढे सरकत नाही. जन्मतारीख माहीत नसेल तर १ जून टाकतो. तुम्ही नंतर त्यावर जन्ममहिन्यांचा अभ्यास करायला घेता आणि जूनमध्ये एवढी मुलं का जन्मली म्हणून चक्रावता. हे कुठल्याही कोडबुकात सापडणार नाही, ते टेबलावर बसलेल्यालाच ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे कोडबुक लिहिणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. त्याने बढती मिळत नाही, कुणी शाबासकी देत नाही. ज्याने सर्वेक्षणाची प्रश्नावली बनवली त्याची बदली होते आणि ९ चा अर्थ त्याच्याबरोबर जातो. टाचण, तुमची मेल परत आली ना, त्या मेलबॉक्सचा धनी बदलून गेलेला असणार.

आणि भीती. डेटा दिला आणि त्यात चूक निघाली तर खुलासा देणाऱ्यालाच मागतात. नाही दिला तर कुणीच काही विचारत नाही. ही गोष्ट बदलली नाही तर बाकी सगळं कागदावर राहील. म्हणून माझा एकच बदल म्हणाल तर, प्रत्येक डेटासेटमागे एक पद असावं, व्यक्ती नव्हे पद, त्याचं कामच हे की कोडबुक अद्ययावत ठेवायचं आणि येणाऱ्या प्रश्नांना ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. चूक दाखवली तर ती दुरुस्त करून नोंदवणं हे त्या पदाचं कौतुक धरलं जावं.

टाचण
काका, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. १ जूनचं अगदी पटलं, माझ्याकडेही तो उंचवटा दिसतो. वयात ५ आणि ० ने संपणाऱ्या आकड्यांची गर्दी होते ती मोजायला निदान व्हिपलचा निर्देशांक आहे, १ जूनसारख्या गोष्टी मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

जुनी_नोंद
निवृत्त_टेबल यांना दंडवत. पण काका, पदं मंजूर व्हायला जन्म जाईल, युनिकोडचा आदेश एका परिपत्रकाने निघतो :)

निवृत्त_टेबल
@जुनी_नोंद, परिपत्रकं मीही पुष्कळ काढली. ते पाळलं जातंय का हे बघणारं माणूस लागतंच.

रानभूल
मी उपग्रह चित्रांवर जंगलाचा अभ्यास करते. इथे कुणी पैशांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पर्यंत विकत घ्यावी लागत, एकेका चित्राला साधारण ६०० डॉलर. सर्वात चांगल्या वर्षात, म्हणजे २००१ मध्ये, जेमतेम २५,००० चित्रं खपली. फुकट केल्यावर काही वर्षांतच उतरवणं वर्षाला दहा लाखांच्या पुढे गेलं. २०१३ मध्ये जगभरातल्या जंगलतोडीचा जो नकाशा आला त्यासाठी साडेसहा लाखांवर चित्रं वापरली होती. जुन्या दराने हिशेब करा, ३९ कोटी डॉलर होतात! तो अभ्यास कुणी सुचवलाच नसता. पूर्वी आम्ही एकच चित्र निवडायचो, ढग नसलेलं, आणि त्यावर निबंध लिहायचो. आता एकाच जागेची सगळी वर्षं एकाखाली एक ठेवता येतात. नुसते पैसे वाचले असं नाही, प्रश्नच नवे विचारता आले.

सांजवेळ
रानभूल, हा हिशेब वाचून थक्क झाले.

कातरवेळचा_अभ्यासक
उत्तम उदाहरण. पण लँडसॅटला एक फायदा आहे, झाडांना खाजगीपणा नसतो. आणि प्रत्येक चित्राची रचना तीच, म्हणजे कोडबुक एकदाच शिकायचं.

भूपाळ
रचना तीच ठेवणं हे कुणीतरी मुद्दाम केलेलं काम आहे. मिनेसोटा विद्यापीठातला आयपम्स प्रकल्प हेच जनगणनांच्या बाबतीत करतो, शंभरावर देशांच्या नोंदी घेऊन शिक्षण, व्यवसाय, घर यांचे कोड सारखे करून देतो, आणि मूळ कोडही शेजारी ठेवतो. हजार संशोधकांनी आपापल्या घरी तेच कोड जुळवत बसण्यापेक्षा एकाने एकदाच नीट करावं. सरकारांनी हे स्वतः का करू नये?

चक्रधर
अर्थशास्त्रातला एक मुद्दा राहिलाय, जुन्या आवृत्त्या. जीडीपी, रोजगार, महागाई हे आकडे नंतर सुधारले जातात, ते योग्यच. पण पोर्टलवर जुनी फाइल काढून नवी ठेवतात, नाव तेच, तारीख नाही. मी गेल्या वर्षी उतरवलेली आणि तुम्ही आज उतरवलेली फाइल जुळत नाही आणि दोघंही एकमेकांना चुकीचे ठरवतो. धोरण ठरवणाऱ्याने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर कुठला आकडा होता हे कळल्याशिवाय निर्णय बरा की वाईट हे ठरवणार कसं? अमेरिकेत सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने यासाठी अल्फ्रेड नावाचा साठा ठेवलाय, कुठलीही तारीख टाका, त्या दिवशी जो आकडा जाहीर होता तोच मिळतो.

उनाडवारा
आणि फाइलच गायब झाली तर? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत आरोग्याची कितीतरी पानं काढून टाकली गेली. हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने तिथल्या पोर्टलवरचे ३ लाख ११ हजारांवर डेटासेट आधीच उतरवून ठेवले होते म्हणून निदान प्रत शिल्लक राहिली. त्याच सुमारास अमेरिकेची परदेशी मदत थांबली आणि त्या पैशांवर अनेक देशांत होणाऱ्या डीएचएस या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचं कामही थांबलं. कित्येक देशांची बालमृत्यूची भरवशाची माहिती त्याच सर्वेक्षणातून यायची हो.

पीडीएफबंदीचं माझं मत मागे घेतो आणि चक्रधरांच्या बाजूला टाकतो. जे एकदा प्रसिद्ध झालं ते काढता येऊ नये, सुधारित आवृत्ती शेजारी ठेवा, जुनीला कायमचा पत्ता द्या.

टाचण
उनाडवारा, पटलं. डीएचएसच्या कोडबुकांवरच आमची अख्खी पिढी डेटा वाचायला शिकली, त्याचं फार वाईट वाटलं.

सगळ्यांचं वाचून माझं स्वतःचं उत्तर देते. फॉरमॅट, युनिकोड, कोड, आवृत्त्या, कोडबुक या सगळ्यांच्या मुळाशी मला काकांचाच मुद्दा दिसतो, की विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी बांधील असायला हवं. पीडीएफ देणाऱ्याला दर आठवड्याला 'सीएसव्ही द्या' अशा मेल आल्या आणि त्यांना उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक असेल तर तो आपणहून सीएसव्ही देईल. त्यामुळे माझं मत पदाला. शंकासुर, तुमच्या ओळखीच्या मुलीलाही निदान मुदतीत 'नाही' मिळालं असतं.

शंकासुर
कोडबुकवरून मी हलत नाही :) पण ते लिहिणारं माणूस हवं हे मान्य. एक अट, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आणि ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

रानभूल
काका, तोवर आम्ही काय करावं? पद होईल तेव्हा होईल, माझ्याकडे आत्ता एका फाइलीत चुका सापडल्यात.

निवृत्त_टेबल
सांगतो. पोर्टलच्या सामाईक पत्त्यावर लिहू नका, अहवालाच्या पहिल्या पानांवर ज्या शाखेचं नाव असतं तिला लिहा. एका पत्रात एकच चूक. फाइलीचं नाव, कधी उतरवली ती तारीख, तक्ता क्रमांक, ओळ, तिथे काय आहे आणि काय असायला हवं, कशावरून. 'तुमचा डेटा चुकीचा आहे' असं लिहिलं की पत्र बाजूला पडतं, 'तक्ता अमुक मधली बेरीज वरच्या ओळींशी जुळत नाही' असं लिहिलं की टेबलावरचा माणूस लगेच फाइल उघडून बघतो, कारण ते त्याला पाच मिनिटांत तपासता येतं. तुम्ही फाइल साफ केली असेल तर साफ केलेली प्रत आणि काय काय बदललं त्याची यादीही पाठवा. आमच्याकडे अशा याद्या आल्या तेव्हा पुढच्या वर्षीच्या अहवालात त्या वापरल्या गेल्यात. पण संशोधक निबंध छापतात, यादी त्यांच्याच संगणकात राहते.

गणिती_मावशी
हा शेवटचा मुद्दा आपल्यालाच लागू आहे. साफ केलेल्या फाइली आणि त्यासाठी लिहिलेला कोड निबंधासोबत द्यायलाच हवा.

उनाडवारा
काका, हे पत्राचं वेगळ्या धाग्यात टाका ना, इथे प्रतिसादांच्या गर्दीत हरवून जाईल.

निवृत्त_टेबल
टाकतो. नमुना पत्रही देतो. व्यक्तिगत नोंदींसाठीच्या अर्जात कुठे अडतं तेही त्यात घेतो, तेवढा भाग शंकासुर यांनी तपासून द्यावा.

शंकासुर
आनंदाने. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.